मनाचे आजार, माणसांची साथ आणि यंत्रांची मदत

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त मलकापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



एखादी धर्मादाय संस्था पन्नास वर्षे अखंड चालविणे ही सोपी गोष्ट नाही. हिशेबाच्या वह्या चोख ठेवाव्या लागतात, मतभेद पोटात घालावे लागतात आणि प्रत्येक पिढीत नवे हात शोधावे लागतात. अशा प्रसंगी वक्त्याने संस्थेचा गौरव करावा आणि आसनस्थ व्हावे, असा प्रघात आहे. परंतु विश्वस्तांनी निमंत्रण देतानाच मला सांगितले की, यापुढे संस्थेने कोणते काम हाती घ्यावे, याविषयी बोला. म्हणून ज्या विषयाबद्दल आपल्या घरांत सहसा दार लावून बोलले जाते, तो विषय मी आज निवडला आहे. तो म्हणजे मनाचे आजार आणि त्यांवरील उपचार. हे उपचार आता एकट्या तज्ज्ञाच्या खोलीपुरते राहिलेले नाहीत. घरचा डॉक्टर, गावातील प्रशिक्षित कार्यकर्ता, दूरच्या शहरातील मनोविकारतज्ज्ञ आणि आपल्या खिशातील मोबाईल यांची सांगड घालून ते कसे करता येतात, हे आज आपणांसमोर मांडावयाचे आहे.

आजार किती, उपचार किती?

बंगळूरच्या ‘निम्हान्स’ या संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. पाहणीच्या वेळी प्रौढांपैकी १०.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने ग्रस्त असल्याचे त्यात आढळले. आजाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. त्या बारा राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. परंतु आपल्याकडील स्थिती फार निराळी असेल, असे मानण्यास आधार नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे. त्यांपैकी २२,७४६ एकट्या महाराष्ट्रातील असून हा आकडा सर्व राज्यांत सर्वाधिक आहे. दुसरीकडे, देशात एक लाख लोकसंख्येमागे एक मनोविकारतज्ज्ञही नाही, आणि जे आहेत ते बहुतांशी मोठ्या शहरांत आहेत.

आता हे आकडे आपल्या घरात आणून पाहू. आपला समाज प्रामुख्याने व्यापार व शेती करणारा आहे. दुकानाच्या गल्ल्यावर बसणारा चाळिशीचा गृहस्थ पहाटे तीनला जागा होतो, छातीत धडधडते, घास गोड लागत नाही. त्याला मन उदास आहे असे म्हणता येत नाही, तो म्हणतो, “पोटात गॅस धरतो.” घरातील सून डोके जड असल्याचे सांगते. पुण्यात शिकणारा मुलगा सुट्टीत घरी आला की खोलीबाहेर पडत नाही. हृदयाचा आलेख निघतो, सोनोग्राफी होते, रक्त तपासले जाते आणि शेवटी सांगण्यात येते, “काही नाही, टेन्शन घेऊ नका.” उपचार सुरू व्हायला हवेत, नेमक्या त्याच जागी हे वाक्य उपचार थांबविते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या तिघांपैकी प्रत्येक जण कोणा ना कोणा डॉक्टरकडे गेलेला आहे. म्हणजे रुग्ण आरोग्यसेवेच्या दारापर्यंत येतो, मात्र त्या दारात त्याचा आजार ओळखणारा आणि पुढे महिनोन्‌महिने त्याची चौकशी करणारा कोणी नसतो. अडचणीचे मूळ येथे आहे, आणि सहकार्याने होणाऱ्या उपचारांचा जन्मही याच अडचणीतून झाला.

रुग्णालयाच्या भिंतींपासून गावाकडे

आपल्या राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. पूर्वी आपल्या भागातील माणूस फारच बिघडला की त्याला येरवड्यास किंवा रत्नागिरीस नेत. तोपर्यंत आजार जुना झालेला असे, आणि मनोरुग्णालय म्हणजे परतीची वाट नसलेले ठिकाण, अशी समजूत घट्ट होत गेली. जे तेथे नेत नसत, ते मांत्रिकाकडे किंवा देवस्थानी नेत. तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी अशाच एका आश्रयस्थानाला आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेले २८ रुग्ण जागेवरच जळून गेले. रुग्णाला बांधून ठेवणे ही त्याची काळजी नसते, हे त्या दिवशी देशाला फार मोठी किंमत देऊन कळले.

मनोरुग्णालयांच्या भिंतींबाहेर सेवा नेण्याचा विचार त्याआधीच झाला होता. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. शेजारच्या कर्नाटकातील बेल्लारी जिल्ह्यात १९८५ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांना व कर्मचाऱ्यांना शिकवून उपचार गावापर्यंत नेण्याचा प्रयोग झाला. त्याच धर्तीवर १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आखण्यात आला. दिशा योग्य होती. परंतु आरोग्य केंद्रातील एकच डॉक्टर बाळंतपण, सर्पदंश, लसीकरण आणि शवविच्छेदन सांभाळून प्रत्येक उदास माणसाशी अर्धा तास कसा बोलणार? औषध लिहून देता येते. ते सहा महिने घेतले जाते की नाही, हे पाहणारा माणूस त्या रचनेत नव्हता.

चार माणसांची जोडणी

ही उणीव भरून काढणाऱ्या पद्धतीला आपण सहयोगी उपचार म्हणू. तिची रचना समजण्यास सोपी आहे. मध्यभागी रुग्ण व त्याचे कुटुंब. एका बाजूला नेहमीचा डॉक्टर, जो तपासतो आणि गरज असल्यास औषध देतो. दुसऱ्या बाजूला समुपदेशक कार्यकर्ता, जो रुग्णाला ठरावीक दिवशी भेटतो किंवा फोन करतो, त्याची प्रगती नोंदवितो आणि त्याला मध्येच हरवू देत नाही. या दोघांच्या पाठीशी मनोविकारतज्ज्ञ, जो प्रत्येक रुग्णाला स्वतः पाहत नाही, परंतु दर आठवड्याला नोंदवही पाहतो आणि ज्यांना बरे वाटत नाही, त्यांच्या उपचारात बदल सुचवितो. अशा रीतीने एका तज्ज्ञाचे ज्ञान अनेक पटींनी अधिक माणसांपर्यंत पोहोचते.

प्रगती मोजण्यासाठी नऊ प्रश्नांची एक साधी प्रश्नावली वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला का, झोप कशी होती, भूक कशी होती, थकवा आला का, जगणे नकोसे वाटले का, असे ते प्रश्न असतात. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, म्हणजे एकूण सत्तावीस. गुण दहा किंवा त्यांहून अधिक असतील तर पुढील तपासणी करावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. रक्तदाब जसा दर महिन्याला मोजतो, तसे हे मोजमाप पुनःपुन्हा करावयाचे. “आता कसे वाटते?” “बरे आहे.” एवढ्या संवादावर विसंबून राहिल्यास पुष्कळ काही हुकते.

अमेरिकेत साठ वर्षांवरील १,८०१ रुग्णांवर या पद्धतीचा मोठा अभ्यास झाला आणि २००२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. वर्षअखेरीस सहयोगी उपचार मिळालेल्या गटातील ४५ टक्के रुग्णांची लक्षणे निम्म्याहून कमी झाली. नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण १९ टक्के होते. श्रीमंत देशात जमले, आपल्याकडे कसे जमेल, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर आपल्या शेजारीच, गोव्यात मिळाले.

डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ संस्थेच्या सहकाऱ्यांनी गोव्यातील चोवीस दवाखान्यांत ‘मानस’ नावाचा प्रकल्प राबविला. त्यांपैकी बारा सरकारी आरोग्य केंद्रे होती आणि बारा खासगी डॉक्टरांचे दवाखाने. समुपदेशक म्हणून स्थानिक व्यक्ती निवडण्यात आल्या. त्यांना आरोग्यक्षेत्राचा पूर्वानुभव नव्हता. सुमारे दोन महिन्यांचे प्रशिक्षण देऊन त्यांना तयार करण्यात आले. सौम्य त्रास असलेल्यांना आजाराची माहिती, श्वसनाचे व्यायाम, झोपेचे नियम. अधिक त्रास असलेल्यांना औषध किंवा आठवड्याच्या ठरावीक बैठका. आणि तरीही उतार नसल्यास तज्ज्ञाची भेट, अशी पायरी-पायरीची योजना होती. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी या पद्धतीने सुमारे ६६ टक्के रुग्ण बरे झाले होते, तर नेहमीच्या पद्धतीने सुमारे ४२ टक्के. खासगी डॉक्टरांकडे मात्र दोन्ही गटांत फरक पडला नाही. तेथे दोन्हीकडे रुग्ण बऱ्याच प्रमाणात सुधारले. याचा एक अर्थ असा निघतो की, ओळखीच्या कुटुंब-डॉक्टरकडे रुग्णाला वेळ आणि विश्वास आधीपासूनच मिळत असावा. आपल्या गावातील जुन्या डॉक्टरांना या कामात मानाचे स्थान का द्यावे, हे यावरून समजते.

पुढे गोव्यातीलच दहा आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर आणखी एक अभ्यास झाला. सामान्य कार्यकर्त्यांनी सहा ते आठ भेटींत रुग्णाला हळूहळू कामात, नात्यांत आणि आवडीच्या गोष्टींत परत आणावयाचे, एवढाच त्याचा गाभा होता. तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले. ज्यांना केवळ नेहमीचे उपचार मिळाले त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होते. नैराश्यात माणूस म्हणतो, “बरे वाटले की दुकानात जाईन.” कार्यकर्ता त्याला शिकवितो की, आज दहा मिनिटे दुकानात जाऊन बसा, बरे वाटणे मागाहून येईल. पाच मिनिटांचे फिरणे, एका मित्राला फोन, स्वतःच्या हाताने देवपूजेची तयारी, अशा लहान पायऱ्यांची ती वही असते.

महाराष्ट्रातील उदाहरणे

विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २०११ पासून ‘विश्राम’ हा प्रकल्प सुरू झाला. तीस खेड्यांत केलेल्या पाहणीत आरंभी नैराश्यग्रस्तांपैकी केवळ ४.३ टक्के लोकांनी कोणाची मदत घेतली होती. अठरा महिन्यांनंतरच्या पाहणीत हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. गावातील कार्यकर्त्यांनी पारावर, बचत गटांत, घरोघरी जाऊन बोलल्याचा तो परिणाम होता.

नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात २०१३ च्या सुमारास ‘आत्मीयता’ हा उपक्रम सुरू झाला. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राचा त्यात पुढाकार होता. यातील स्वयंसेवक त्याच गावचे. काहींचे काम दुःखात असलेला माणूस ओळखणे, काहींचे काम त्याच्याशी चार-सहा बैठकांत पद्धतशीर बोलणे. त्यांना स्मार्टफोन देण्यात आले, आणि त्यांत दारू, घरातील भांडणे, बेकारी यांसारख्या प्रश्नांवरील लहान चित्रफिती होत्या. चार जणांनी मिळून चित्रफीत पाहिली की बोलणे आपोआप सुरू होते. “माझ्या घरी असे आहे” असे म्हणण्याऐवजी “या बाईच्या घरी असे आहे” असे म्हणता येते. स्वयंसेवक केवळ समुपदेशन करून थांबत नसत. निराधार योजनेचा अर्ज अडला असेल तर तोही मार्गी लावण्यास मदत करीत, कारण पुष्कळदा मनाचे दुखणे रिकाम्या डब्यापासून सुरू होते. पुढे गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात शेकडो गावांतून हाच उपक्रम राबविण्यात आला.

कुटुंबीयांचे सहकार्य कसे असते, हे पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनने दाखविले. कॅनडातील कॅलगरी येथे संख्याशास्त्राचे अध्यापन केलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी १९९७ मध्ये ही संस्था स्थापन केली. शुभार्थी आणि शुभंकर, म्हणजे रुग्ण आणि त्याची काळजी वाहणारा, हे शब्द अशा गटांतूनच मराठीत रुळले. २००४ चा ‘देवराई’ हा चित्रपटही या आजाराविषयीच्या प्रबोधनाचाच भाग होता. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये उभी केलेली मानसिक आरोग्य संस्था आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. आफ्रिकेतील झिंबाब्वेमध्ये डॉ. डिक्सन चिबांडा यांनी दवाखान्याच्या आवारातील बाकावर प्रशिक्षित आजीबाईंना बसविले, आणि लोक त्यांच्याशी बोलू लागले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याचाही चांगला परिणाम दिसला. आपल्याकडे आजीबाईंची वाण नाही. वाण आहे ती त्यांना शिकविण्याची.

यंत्र काय करते, काय करीत नाही

आता तंत्रज्ञानाकडे वळू. चेन्नईच्या ‘स्कार्फ’ संस्थेने पुदुकोट्टई जिल्ह्यात २०१० च्या सुमारास एक बसच दवाखाना म्हणून सज्ज केली. रुग्ण बसमध्ये पडद्यासमोर बसे, चेन्नईतील डॉक्टर त्याच्याशी बोलत आणि औषध बसमध्येच मिळे. औषधासाठी रुग्णाने शहर गाठण्याची गरज उरली नाही. २५ मार्च २०२० रोजी केंद्र शासनाने दूरस्थ वैद्यकीय सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि फोन किंवा व्हिडिओवरून सल्ला देण्यास निश्चित चौकट मिळाली.

त्यानंतर १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, ‘टेलि-मानस’ ही राष्ट्रीय सेवा सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६ आहे. तो कृपया येथेच लिहून घ्यावा. ही सेवा निःशुल्क असून दिवसरात्र आणि मराठीतूनही उपलब्ध आहे. प्रथम प्रशिक्षित समुपदेशक बोलतो. गरज भासल्यास फोन तज्ज्ञाकडे जातो किंवा जवळच्या शासकीय सेवेशी जोडून दिला जातो. २०२५ पर्यंत या क्रमांकाने वीस लाखांहून अधिक फोन हाताळले. मध्य प्रदेशातील सिहोर जिल्ह्यात आशा कार्यकर्तींना नैराश्यावरील समुपदेशनाचे प्रशिक्षणच स्मार्टफोनवरून देण्याचा प्रयोग झाला. म्हणजे यंत्र केवळ रुग्णासाठी नसते. ते कार्यकर्त्याला शिकविते, पुढील भेटीची आठवण देते आणि दूरच्या तज्ज्ञाला नोंदी दाखविते.

आपल्या मलकापूरकरांना एक उदाहरण लगेच पटेल. मीटरसह चोवीस तास पाणीपुरवठ्याची योजना राबवून या गावाने देशाचे लक्ष वेधले. कोयनेत पाणी आधीही होते. प्रश्न होता तो नळ्यांच्या जाळ्याचा, झडपांचा, गळती शोधण्याचा आणि मोजमापाचा. मानसिक आरोग्याचेही तसेच आहे. ज्ञान पुण्या-मुंबईत आहे, औषधे स्वस्त आहेत. घरापर्यंतची नळी नाही आणि गळती कोठे होते, हे पाहणारे कोणी नाही. सहयोगी पद्धत म्हणजे ती नळी आणि नोंदवही म्हणजे तो मीटर.

परंतु यंत्राची मर्यादाही स्पष्टपणे सांगितली पाहिजे. घरात एकच फोन असेल आणि तो पतीच्या किंवा सासूच्या हाती असेल, तर त्या घरातील सून फोनवर काय बोलणार? ज्याने जीव देण्याची तयारी केली आहे, ज्याला भास होत आहेत, जो अन्नपाणी सोडून बसला आहे, त्याला पडद्यावरच्या सल्ल्यावर सोडू नये. तत्काळ १०८ किंवा ११२ वर फोन करून रुग्णालयात न्यावे व त्याच्याजवळ कोणीतरी थांबावे. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेशी गप्पा मारणारी साधने तरुणांच्या हाती आली आहेत. मध्यरात्री कोणी ऐकणारे नसताना ती सोबत करतात, हे खरे. मात्र ती होकारात मान डोलाविण्याकडे झुकतात, समोरच्याचा चेहरा उतरलेला त्यांना दिसत नाही, आणि उद्या तो फोन उचलत नाही म्हणून त्याच्या घरी जाऊन दार ठोठावणे त्यांना शक्य नाही. दार ठोठावणारा माणूसच लागतो.

आपल्या समाजातील खरी अडचण

बंधु-भगिनींनो, आता थोडे अवघड बोलतो. आपल्या समाजात मदतीची वाण नाही. पूरग्रस्तांना शिधा पोहोचतो, विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळते, शस्त्रक्रियेसाठी रक्कम उभी राहते. परंतु मनाच्या आजारासाठी समाजाकडे येण्यास माणूस घाबरतो, आणि त्याचे कारण समाजच आहे. आपण सगळे एकमेकांना ओळखतो. मुलगी मनोविकारतज्ज्ञाच्या दवाखान्याच्या पायऱ्या चढताना कोणी पाहिली, तर तिची आणि तिच्या धाकट्या बहिणीचीही सोयरीक अडेल, ही भीती खोटी नाही. म्हणून कराडचे कुटुंब तपासणीस पुण्याला जाते, दोन भेटींनंतर प्रवास परवडत नाही, औषध सुटते आणि आजार उलटतो. समाजाची जवळीक हीच येथे अडसर ठरते.

यावर तंत्रज्ञानाचा सर्वांत मोठा उपयोग होऊ शकतो. कराड-मलकापूरच्या माणसाशी सांगलीकडील कार्यकर्त्याने फोनवर बोलावे आणि सांगलीच्या घराची जबाबदारी कराडकडील कार्यकर्तीने घ्यावी. मदत आपल्या माणसाची राहील; मात्र ती गल्लीतल्या माणसाची नसेल. नोंदवहीत नाव नसावे, क्रमांक असावा. नाव आणि क्रमांक जोडणारी यादी एकाच जबाबदार व्यक्तीच्या कुलुपात असावी. वधू-वर सूचक मंडळाचे काम पाहणाऱ्या व्यक्तीने या कामात असू नये, एवढा कडक नियम मी सुचवीन. व्हॉट्सॲपच्या गटावर कोणाच्याही प्रकृतीविषयी, अगदी सदिच्छा म्हणूनही, एक शब्द लिहू नये.

हा केवळ सौजन्याचा भाग नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, जो २९ मे २०१८ पासून लागू झाला, रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिला आहे. शासकीय मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्कही त्याने दिला. विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण द्यावे, असे त्यात म्हटले आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरावे आणि तिच्या काळजीची व्यवस्था शासनाने करावी, असेही हा कायदा सांगतो. पोलिसांच्या भीतीने विष घेतलेल्या माणसाला दवाखान्यात नेण्यास विलंब करणे, हे आता कोणत्याही अर्थाने समर्थनीय नाही. विवाहाच्या बाबतीत इतकेच सांगतो की, गंभीर आजार लपवून केलेला विवाह पुढे दोन्ही घरांना दुःखात लोटतो. उलट नियमित उपचारांखाली असलेल्या अनेक व्यक्ती उत्तम संसार करतात. आजार सांगणाऱ्या घराला आपण शिक्षा केली, तर लपविणाऱ्यांची संख्या वाढेल.

व्रते आणि औषधे

आपल्या समाजापुरता एक वैद्यकीय मुद्दा येथे मांडणे आवश्यक आहे, कारण अन्य ठिकाणच्या पुस्तिकांत तो आढळणार नाही. पर्युषण काळात किंवा दशलक्षण पर्वात अनेक जण निरंकार उपवास करतात, काही जण रसत्याग म्हणून मीठ सोडतात, आणि पुष्कळ घरांत सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत. मनोविकारांची बरीच औषधे रात्री झोपताना घ्यावयाची असतात. सूर्यास्तानंतर काही घ्यायचे नाही म्हणून ती गोळी चार महिने सुटते, आणि चातुर्मास संपता संपता आजार परततो. कुटुंबाला कारण कळत नाही. वास्तविक, वेळ बदलून घेता येते का, एवढे डॉक्टरांना विचारल्यास बहुधा मार्ग निघतो.

लिथियम या औषधाबाबत तर विशेष दक्षता हवी. शरीरातील पाणी किंवा मीठ कमी झाले की या औषधाचे रक्तातील प्रमाण वाढते आणि विषबाधा होऊ शकते. हात थरथरणे, उलट्या, जुलाब, तोल जाणे, गुंगी ही त्याची लक्षणे आहेत. म्हणून हे औषध घेणाऱ्याने उपवासाचा संकल्प करण्यापूर्वी डॉक्टरांशी अवश्य बोलावे, आणि औषध परस्पर बंदही करू नये. शास्त्राने तपाचे बारा प्रकार सांगितले आहेत आणि अनशन हा त्यांतील एक आहे. स्वाध्याय हेही तप आहे, वैयावृत्त्य हेही तप आहे. रुग्णाने कोणते तप करावे, हे त्याने पूज्य साधु-साध्वींना आपली प्रकृती सांगून विचारावे. प्रकृती लपवून घेतलेला नियम त्यांनाही मान्य होणार नाही.

संस्थेपुढील प्रस्ताव

शेवटी, विश्वस्तांनी ज्यासाठी बोलाविले, ते सांगतो. पहिली गोष्ट, दोन महिला आणि दोन पुरुष, असे चार कार्यकर्ते निवडावेत. ते फार विद्वान नसले तरी चालेल. ऐकून घेणारे आणि बातमी पोटात ठेवणारे असावेत. दुसरी गोष्ट, मार्गदर्शनासाठी एका मनोविकारतज्ज्ञाची दर आठवड्याची वेळ निश्चित झाल्याखेरीज काम सुरू करू नये. मलकापुरातच कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय आहे, मिरज आणि सातारा येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. विनंती करण्यासाठी फार दूर जावयाचे नाही. तिसरी गोष्ट, परिसरातील कुटुंब-डॉक्टरांची एक बैठक घ्यावी आणि ती नऊ प्रश्नांची मराठी प्रश्नावली त्यांच्या हाती द्यावी. चौथी गोष्ट, संस्थेचा एक स्वतंत्र फोन ठेवावा, त्याची वेळ ठरवावी, आणि त्या वेळेबाहेर १४४१६ हा क्रमांक ऐकविला जाईल अशी व्यवस्था करावी. पाचवी गोष्ट, वर्षाकाठी अहवालात फक्त आकडे द्यावेत: किती जण आले, किती जणांचे गुण निम्म्यावर आले, किती जण मध्येच सुटले. हा शेवटचा आकडा सर्वांत मोलाचा आहे, कारण पुढील वर्षी काम कोठे करावयाचे, ते तोच सांगतो.

यासाठी भव्य इमारत लागणार नाही. रस्त्यावरून दिसणार नाही असे प्रवेशद्वार असलेली एक खोली, दोन खुर्च्या, एक कुलूपबंद कपाट आणि एक फोन एवढे पुरे. देणगीदाराच्या नावाची पाटी मात्र त्या दारावर लावता येणार नाही, आणि त्या खोलीत कोण येऊन गेले, हे कोणालाही सांगता येणार नाही. असे निनावी दान देण्यास आपल्यातील किती जण पुढे येतात, यावर या कामाचे भवितव्य अवलंबून आहे. गुप्तदानाची परंपरा आपल्याला नवी नाही.

ज्या घरात आज रात्री कोणी तरी पहाटे तीनला जागे होणार आहे, त्या घरापर्यंत पुढील पर्युषणापूर्वी आपला कार्यकर्ता पोहोचावा, एवढी अपेक्षा व्यक्त करतो.